कुलूपबंद घरांचे मालक

रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत १६ लाख ९६ हजार होती. २०११ मध्ये ती १६ लाख १५ हजारांवर आली. सिंधुदुर्गातही माणसं घटली. राज्यात मुंबई शहर जिल्हा सोडला तर लोकसंख्या कमी झालेले जिल्हे हे दोनच. रत्नागिरीत त्या वर्षी दर हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या, म्हणजे पुरुष कुठे गेले हे वेगळं सांगायला नको. पुढे बायकापोरंही गेली. मागे राहिली ती चिऱ्याची कौलारू घरं, दाराला गंजकं कुलूप, आणि परसात पडून कुजणारे फणस.

मी अशी घरं आणि त्यांच्या भोवतीच्या जागा विकत घेते. बँकेच्या कर्जखात्यात नोकरी झाली, तारण जागांचे कागद वाचायची सवय लागली, आणि स्वेच्छानिवृत्तीनंतर तीच कामाला आली. माझं माहेर लांजा तालुक्यात, सासर राजापुरात. दोन्हीकडे सातबाऱ्यावर नाव आहे, त्यामुळे शेतकरी म्हणून जमीन घ्यायला अडचण नाही. (ज्यांचं नाव कुठल्याच सातबाऱ्यावर नाही त्यांनी आधी वकील गाठावा. कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, आणि कोकणातली पुष्कळ घरं कागदोपत्री शेतजमिनीवरच उभी आहेत.) घेतलेल्यांपैकी काही घरं दुरुस्त करून पर्यटकांना देते, काही विकली, काही अजून पडून आहेत. एकही जागा जाहिरातीतून मिळाली नाही. कशा मिळाल्या, आणि कुठल्या का सोडून दिल्या, ते लिहिते.

१. विक्रीची पाटी शोधू नका

वडिलार्जित घर विकणं कोकणात अजूनही कमीपणाचं मानतात. ‘बापाची जागा विकली’ हे बोलणं माणसाचा वाडीत जन्मभर पिच्छा पुरवतं. म्हणून ज्याला विकायचं असतं तोही पाटी लावत नाही, दलालाला सांगत नाही. कुणीतरी विचारावं याची वाट बघत बसतो.

अशी घरं ओळखायची कशी? विजेचं मीटर बघा. मीटर जागेवर आहे आणि घर बंद असूनही बिल कुणीतरी भरतंय, तर त्या घरात कुणाचा तरी जीव अडकलेला आहे. तिथे घाई करू नये. थकबाकीमुळे मीटर काढून नेलंय, घरपट्टी थकलीय आणि कौलं सरकून वासे दिसायला लागलेत, तर त्या कुटुंबात घराविषयी बोलणंच थांबलं आहे असं समजावं. यातलं छपराचं लक्षण सगळ्यात खरं. चिऱ्याची भिंत पिढ्यान्‌पिढ्या उभी राहते, पण कौलातून पाणी आत येऊ लागलं की वाळवीला दोन पावसाळे पुरतात. पावसाआधी कौलं परतायला दरवर्षी माणूस लावावा लागतो. ज्या वर्षी तो लावणं बंद होतं, त्याच वर्षी मालकाने मनातून घर सोडलेलं असतं.

निसर्ग चक्रीवादळाने ३ जून २०२० रोजी दापोली-मंडणगडकडची छपरं उडवली. ती परत घालायला कोण धावत आलं आणि कोण फिरकलंच नाही, हे त्या भागातल्या प्रत्येक गावाने पाहिलं आहे. आजही तिथे कुणालाही विचारा, सांगतील.

२. सातबाऱ्यावर बहुधा मेलेली माणसं असतात

महाभूलेखवर सातबारा फुकट बघता येतो, पंधरा रुपये भरले की डिजिटल सहीचा मिळतो. नवख्याला वाटतं की नाव मिळालं, आता फोन नंबर काढला की काम झालं. ते नाव ज्याचं असतं तो माणूस कधीचाच गेलेला असतो. त्याच्या मुलांतलेही निम्मे गेलेले असतात. वारस नोंद कुणी केलेलीच नसते, कारण ती करायला गावी यावं लागे, तलाठ्याकडे खेपा घालाव्या लागत, आणि मुंबईच्या गिरणीतली रजा गणपतीसाठी राखून ठेवलेली असे.

राजापूर तालुक्यातल्या एका घराच्या सातबाऱ्यावर एकच नाव होतं, आणि नावापुढे ए.कु.मॅ. ही अक्षरं. एकत्र कुटुंब मॅनेजर. जुन्या काळी थोरल्याचं नाव असं लागलं की धाकट्यांची नावं लागत नसत, पण त्यांचे हक्क जात नसत. ज्या माणसाने मला जागा दाखवली तो त्या थोरल्याचा नातू. त्याच्या समजुतीने तो एकटा मालक. जुने फेरफार उतारे काढले तेव्हा थोरल्याला तीन भाऊ निघाले. एकाचं कुटुंब डोंबिवलीत, एकाचं बडोद्यात, आणि तिसरा लग्नाआधीच वारला असं सगळे सांगत होते. तो वारला नव्हता. घरात भांडून नागपूरकडे गेला होता, तिथेच संसार केला होता, आणि त्याच्या मुलींना या घराचं नावसुद्धा माहीत नव्हतं.

म्हणून सातबाऱ्यानंतर थेट फोनकडे वळू नये. फेरफार काढावेत, जितके मागे जाता येईल तितके मागचे. सहा-क ची वारस नोंदवही बघावी. मग कोऱ्या कागदावर वंशावळ मांडावी आणि प्रत्येक नावापुढे हयात की मयत, लग्न झालं का, मुलंबाळं किती, राहतात कुठे, हे भरत जावं. ही वंशावळ पुरी होईपर्यंत किमतीचा आकडा तोंडातून काढू नये.

वंशावळ विचारताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. ‘भावंडं किती?’ म्हटलं की उत्तर येतं, ‘चौघं.’ ते चार भाऊ असतात. बहिणींचं वेगळं विचारावं लागतं, आणि तेही घरातल्या बाईला. मी बाई असल्याचा इथे मला फायदा होतो. ओटीवर पुरुष भाव आणि महामार्ग बोलत बसतात, तेवढ्यात माजघरात मला चार पिढ्यांच्या लेकी सापडतात. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलगी वारस झाली. १९९४ च्या राज्याच्या आणि २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने ती वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हिस्सेदार झाली. २००५ च्या दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं. मुलींना सोडून केलेलं खरेदीखत म्हणजे दाव्याला दिलेलं आमंत्रण आहे. दावा त्यांनी नाही केला तर त्यांची मुलं करतील.

३. किल्ली ज्याच्याकडे, त्याला आधी भेटा

प्रत्येक बंद घराची किल्ली गावात कुणाकडे तरी असते. भावकीतला असतो, शेजारी असतो, कधी पिढीजात गडीमाणसाचं घर असतं. तो दिवाळीला दार उघडून झाडून घेतो, काजू वेचतो, माड पाडून घेतो, मुंबईला फणसाची साटं आणि कुळीथ पाठवतो. बहुतेक खरेदीदार त्याला वगळून मालकाकडे जातात. मग तो एका वाक्यात व्यवहार मोडतो, ‘मी तीस वर्षं इथे कसतोय.’

त्याचं म्हणणं नेहमी खोटं नसतं. पीकपाहणीत त्याचं नाव लागलेलं असू शकतं, इतर हक्कांत कूळ म्हणून त्याच्या आज्याचं नाव असू शकतं. त्या घराची जी काही निगा राहिली ती त्यानेच राखली, हे तर निर्विवाद. मी आधी त्याच्याकडे जाते आणि काय करायचं मनात आहे ते सरळ सांगते. व्यवहार ठरला तर मालकाकडून त्याला राबणुकीचं काही मिळावं असं मी स्वतः सुचवते, आणि मालक खळखळ करू लागला तर माझ्या पैशातून देते. जागा घेतल्यावरही तीच माणसं राखणीला ठेवली आहेत. ज्यांना हा खर्च फुकटचा वाटतो त्यांनी वहिवाटीचे दावे दिवाणी न्यायालयात किती वर्षं चालतात ते एकदा बघून यावं.

४. पहिलं पत्र विक्रीचं नको

पत्ता कुठून मिळतो? गावाच्या मुंबई मंडळाकडून. लालबाग-परळच्या चाळींतून अशी ग्राममंडळं उभी राहिली, आता त्यांचे कार्यकर्ते विरार, दिवा, बदलापूरला पांगलेत, पण याद्या ठेवतात. पालखीची वर्गणी कोण पाठवतं हे देवळातल्या गुरवाला माहीत असतं. जुन्या पोस्टमनला तर सगळंच माहीत असतं.

मी अजूनही कागदावर पत्र लिहिते. आपण कोण, कुणाची कोण, माहेर कुठलं, हे आधी. मग घराची हकिगत: पूर्वेकडची पडवी खाली आलीय, विहिरीत पिंपळ रुजलाय, परसातला रातांबा अजून धरतो. सोबत फोटो. शेवटी एकच ओळ, की घराविषयी कधी बोलावंसं वाटलं तर माझा नंबर हा. ‘विकणार का’ असं लिहीत नाही. पुष्कळांचं उत्तर येत नाही. ज्यांचं येतं ते बहुधा रात्री उशिरा फोन करतात आणि पहिला प्रश्न पडवीचा असतो. पैशाचं बोलणं दुसऱ्या-तिसऱ्या फोनवर आपोआप निघतं.

५. गणपतीत भेटा, पण गणपतीत ठरवू नका

सगळे हिस्सेदार एका छपराखाली वर्षातून दोनदा येतात, गणपतीत आणि शिमग्यात. भेटायला याहून चांगली वेळ नाही. ठरवायला याहून वाईट वेळ नाही. आरत्या, भजनं, चुलत्या-पुतण्यांची गर्दी, आणि सगळ्यांना एकाच वेळी लहानपण आठवलेलं. त्या दिवसांत ‘विकूया’ म्हणणारा घरात वाईट ठरतो, मग तो बोलत नाही; आणि ‘मी दुरुस्त करीन’ असं भावनेच्या भरात बोललेला दसऱ्यापर्यंत विसरतो.

त्या भेटीत मी नुसती ओळख करून येते, मोदक खाते, आणि दिवाळीनंतर एकेकाच्या घरी मुंबईला जाते.

सौदे खरे अडतात ते एका प्रश्नावर: गणपती कुठे आणायचा? मूळ घरात गणपती असेल आणि भावांनी शहरात वेगळा बसवलेला नसेल, तर घर विकणं म्हणजे तो खंडित करणं असं त्यांना वाटतं. याला कायद्यात उत्तर नाही. एका घराच्या बाबतीत भावांनी गणपती शेजारच्या चुलत घरात हलवायचं ठरवलं, ग्रामदेवतेला कौल लावला, कौल मिळाला आणि पुढच्याच महिन्यात सह्या झाल्या. दुसऱ्या एका घरी कौल मिळाला नाही. मी तो विषय सोडला. ते घर अजून बंद आहे.

६. ‘मी सगळ्यांच्या वतीने बोलतो’

असं म्हणणारा एकजण प्रत्येक कुटुंबात असतो. बहुधा निवृत्त, कामाचा, फायली नीट ठेवणारा. त्याचा उपयोग करून घ्यावा, त्याच्यावर अवलंबून राहू नये. त्याला काय सांगितलं आणि त्याने बाकीच्यांना काय सांगितलं यांत फरक पडतो, आणि तो फरक सह्यांच्या दिवशी दुय्यम निबंधकाच्या कचेरीबाहेर उघडा होतो.

लांज्याच्या बाजूला एका जागेचं सगळं ठरलं होतं. पाच भाऊ राजी. दोन बहिणी हक्कसोडपत्र करून देतील, असं थोरल्याने गृहीत धरलेलं. धाकटी तयार होती. थोरली, म्हणजे त्या घरातली सगळ्यांची आत्या, उल्हासनगरला होती. तिने सही नाकारली. भाऊ म्हणाले, तिला पैसे हवेत. मी तिच्याकडे गेले तर तिने आधी कोकम सरबत दिलं आणि मग म्हणाली, ‘पैसे मला नकोत हो. पण मला विचारलं कोणी? मी त्या घरात चौदा वर्षं पाणी भरलंय.’ हक्क सोडल्याच्या कागदावर सही करायला तिचा जीव तयार नव्हता. मी सुचवलं की हक्कसोडपत्र नकोच, दोघी बहिणींची नावं भावांच्या बरोबरीने विकणाऱ्यांत येतील आणि त्यांच्या हिश्शाचा चेक त्यांच्या नावाने निघेल. भाऊ जरा कुरकुरले. खरेदीखत झालं. आत्याने चेक घेतला, हेही सांगायला हवं.

तेव्हापासून माझा रिवाज हाच. बहिणी विकणाऱ्यांत. ज्यांचा हक्क शंकास्पद आहे ते ‘मान्यता देणार’ म्हणून खतात. आणि साठेखताआधी जाहीर नोटीस, स्थानिक पेपरात आणि मुंबईच्याही एका पेपरात. रत्नागिरीचा पेपर विरारमध्ये कोण वाचतो? ज्याची हरकत आहे तो आधीच पुढे आलेला बरा. नाहीतर खरेदीनंतर फेरफाराची नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस असतात, आणि तेराव्या दिवशी कुणीतरी चुलत पुतण्या अर्ज घेऊन मंडळ अधिकाऱ्यांसमोर उभा राहतो.

७. एकट्या भावाचा हिस्सा घेऊ नका

कितीही स्वस्त मिळो. सहवारसांना त्या हिश्शावर पहिला हक्क सांगता येतो. शिवाय एकत्र कुटुंबाच्या राहत्या घराचा हिस्सा परक्याने विकत घेतला, तरी मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ४४ प्रमाणे त्याला घरात इतरांसोबत ताबा मागता येत नाही; वाटपाचा दावा लावत बसावं लागतं. असे हिस्से मुद्दाम घेऊन बाकीच्यांना जेरीला आणणारे लोक आहेत. ते ज्या गावात जातात तिथे आमच्यासारख्यांना पुढे कुणी चहा विचारत नाही.

८. परदेशातला मालक

न्यू जर्सीतला पुतण्या सगळ्यात लवकर ‘हो’ म्हणतो आणि त्याचेच कागद सगळ्यात उशिरा होतात. मुखत्यारपत्र त्याला तिकडच्या भारतीय वकिलातीत किंवा तिथल्या नोटरीसमोर करून अपोस्टिल करून घ्यावं लागतं. ते इथे आल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरून घ्यायला हवं. लोक ही मुदत हटकून विसरतात. मुखत्यारपत्र त्याच एका मिळकतीपुरतं, गट नंबर-हिस्सा नंबर लिहिलेलं असावं. लिहून देणारा वारला की ते संपतं, म्हणून नोंदणीच्या दिवशी सकाळी मी व्हिडिओ कॉल करून त्या माणसाशी दोन शब्द बोलते. एरवी तो नाताळच्या सुटीत येणार असेल तर डिसेंबरपर्यंत थांबते. त्याची स्वतःची सही कधीही बरी.

कराचं सांगते. विकणारा निवासी असेल तर पन्नास लाखांच्या खालच्या व्यवहारात खरेदीदाराला कर कापावा लागत नाही. अनिवासी असेल तर ही मर्यादा नाही आणि निवाशांसाठीचा एक टक्क्याचा दरही नाही. भांडवली नफ्याच्या दराने कपात करायची असते, आणि ती नाही केली तर वसुली खरेदीदाराकडून होते. ग्रामीण शेतजमीन आणि घर यांचा हिशोब वेगळा असतो, तेव्हा सनदी लेखापालाला आधी दाखवा. घर आणि शेतजमीन यांची किंमत खतात वेगवेगळी मांडावी लागेल का, तेही त्यालाच विचारा.

परदेशातल्या भावांना कधीकधी ऐनवेळी पान्हा फुटतो, ‘तुम्ही सोडा, बाकीच्यांचे हिस्से मीच घेतो.’ वारशाने आलेली शेतजमीन अनिवासी भारतीयाला ठेवता येते, पण नवी विकत घेता येत नाही. हे त्याला सौम्यपणे सांगावं लागतं.

९. घर एकाचं, जमीन दुसऱ्याची

खोती १९४९ च्या कायद्याने गेली, पण खोताच्या जागेत कुळाने बांधलेली घरं राहिली. ग्रामपंचायतीच्या घरपट्टीला नाव एकाचं, सातबाऱ्याला दुसऱ्याचं. घरपट्टीची पावती दाखवून घर विकू बघणारे भेटतात. ती पावती कर भरल्याचा पुरावा आहे, मालकीचा नाही. कलमांचंही तेच. जमीन एका भावाच्या वाट्याला आणि झाडं दुसऱ्याच्या, अशी वाटणी जुन्या खात्यांत सापडते. सातबाऱ्यातला इतर हक्कांचा रकाना याचसाठी शब्दन्‌शब्द वाचायचा.

भोगवटादार वर्ग दोन दिसलं की लोक पळतात. कुळकायद्याने मिळालेली जमीन असेल तर पळायचं कारण नाही. २०१४ च्या दुरुस्तीनंतर, कलम ३२ म च्या प्रमाणपत्राला दहा वर्षं झाली असतील तर आकाराच्या (म्हणजे शेतसाऱ्याच्या) चाळीस पट नजराणा भरून ती शेतकऱ्याला विकता येते. कोकणातल्या वरकस जमिनीचा आकार काही रुपयांत नाहीतर पैशांत असतो, त्याची चाळीस पट ती काय! घाबरायचं ते ‘खाजगी वन’ अशी नोंद दिसली तर, किंवा आंबोली-चौकुळ-गेळेसारखा कबुलायतदार गावकरचा प्रश्न असेल तर. तिथे मी जात नाही. किनाऱ्याजवळ भरतीरेषेपासूनचं अंतरही आधी बघून घ्या, सीआरझेड पुढे आडवा येतो.

१०. राखणदार

जागेबरोबर तिचा राखणदार येतो. कोपऱ्यात एखादा पाषाण असतो, पिंपळाखाली नाहीतर बांधावर, आणि त्याला वर्षाकाठी नारळ किंवा कोंबडा द्यायचा असतो. मालक मुंबईला गेला तरी हे चुकवत नाही, कुणाच्या तरी हातून करवतो. खतात याचा उल्लेख नसतो. मी विचारून घेते काय द्यायचं, कुठल्या दिवशी, कुणाच्या हातून, आणि देते. माझा विश्वास किती हा प्रश्न गैरलागू आहे. वाडीतली माणसं बघत असतात की नवी मालकीण जागेची रीत पाळते की नाही, आणि पुढे पाण्याच्या पाइपापासून वाटेपर्यंत प्रत्येक कामात त्यांची गरज लागते.

११. जुलैत वाट बघा, एप्रिलमध्ये विहीर

इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. मे महिन्यात गाडी दारात जाते, जुलैत मधल्या व्हाळाला गुडघ्यावर पाणी असतं. वाट कुणाच्या जमिनीतून येते तेही पावसातच कळतं, कारण तेव्हा भातशेती असते आणि शेतकरी गाडी घालू देत नाही. विहीर एप्रिलच्या शेवटी बघावी.

हापूसची कलमं असतील तर मोहोर बघून भुलू नका. गैरहजर मालक बाग वर्षाच्या कराराने देतो, आणि करारवाला झाड आपलं नसल्यासारखंच वागवतो. दरवर्षी बुंध्याशी कल्टार ओतून आलेला मोहोर पहिली काही वर्षं भरघोस असतो, मग फांद्या वाळायला लागतात.

१२. भाव

गावात अलीकडे झालेल्या खरेद्यांची सूची दोन आणि शासनाचा रेडीरेकनर मी मालकापुढे ठेवते. दोन्ही कुणालाही बघता येतात, पण डोंबिवलीतल्या माणसाला ते माहीत नसतं आणि पुष्कळ खरेदीदार त्यावरच जगतात. नाणारच्या रिफायनरीची अधिसूचना २०१७ मध्ये निघाली तेव्हा परगावच्या लोकांनी आधीच जमिनी घेऊन ठेवल्याच्या बातम्या आल्या. त्यानंतर राजापुरात कुणालाही जागा विचारली की पहिला प्रश्न येतो, ‘काय येतंय का इथे?’ मला माहीत असेल तर मी सांगते. रुंदीकरण, मोजणीचे दगड, जे असेल ते. भाव वाढतो, वाढू दे. एका मालकाला फसवलं तर त्याच्या मंडळातले सगळे हातचे जातात, आणि मला तर पुढची घरं त्याच मंडळातून मिळायची असतात.

विसार चेकनेच द्यावा. मिळकतीच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेता येत नाही. शिवाय सहा हिस्सेदारांत रोख कुणाच्या हाती पडली यावरून जी भांडणं होतात ती मी पाहिली आहेत. पैसा मात्र अडकून राहतो, हे धरूनच चालावं. विचारण्यापासून फेरफार मंजूर होईपर्यंत दोन वर्षं सहज जातात, पहिल्या पावसाआधी छपराचा खर्च, आणि बहुतेक बोलणी मध्येच सुटतात. झटपट दुप्पट करायला आलेल्यांनी कोकणातल्या घरांच्या वाटेला जाऊ नये.

१३. आणि तुम्ही मालक असाल तर

हे वाचणाऱ्यांत घर घेणाऱ्यांपेक्षा घर बंद असलेले जास्त असणार. त्यांना एवढंच सांगणं आहे: विकायचं असो वा नसो, वारस नोंद करून घ्या. वारसाने मिळालेल्या हक्काची खबर तीन महिन्यांत तलाठ्याला द्यावी, असं महसूल संहितेच्या कलम १४९ मध्येच आहे. सातबाऱ्यावरून मयतांची नावं काढून वारस लावायला सरकारने २०२५ साली ‘जिवंत सातबारा’ मोहीमही काढली. त्यात राहून गेलं असेल तर ई-हक्कवर बदलापुरात बसूनही अर्ज करता येतो. मृत्यूचे दाखले आत्ताच गोळा करा, वंशावळ सांगू शकणारी आत्या किंवा काकी आहे तोवर तिच्याकडून ती लिहून घ्या, आणि तीत मुलींची नावं घाला. मग माझ्यासारखं कुणी पत्र पाठवलं तर ‘हो’ किंवा ‘नाही’ काय ते तुम्हाला ठरवता येईल.